लावण्य अक्षरातली मनाई

बेल वाजली तेव्हा चंदनाला झोपून अकरा मिनिटं झाली होती. मी वहीत लिहूनही ठेवलं होतं : सोमवार, दुपारी दोन वाजून चार मिनिटं, उजव्या कुशीवर. आणि सव्वादोनला दारावरची बेल णमोकार मंत्र म्हणायला लागली.

ती बेल सासूबाईंनी घरभरणीला दिलेली. एकदा बटण दाबलं की मंत्र पूर्ण होतो, मध्ये थांबत नाही. थांबवायचा तरी कोणत्या तोंडानं? चंदना दुसऱ्याच ओळीला उठली आणि तिनं आपला सूर लावला. तिला कडेवर घेऊन मी दार उघडलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या चौगुले वहिनी उभ्या होत्या. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. दारावर चिकटवलेल्या कागदाकडं बघत होत्या, मान उजवीकडं कलती करून.

"अगं त्रिशला, काय सुरेख कार्ड गं! बारसं परत करणार?"

"वहिनी, तुम्ही वाचलं का ते?"

"वाचतेय की. दम धर." त्यांनी चष्मा नाकावर ओढला. "बाळ... झो... ही मात्रा आहे की पाकळी? हां. झोपले आहे. कृपया बेल वा... अगं बाई! झोपलंय?"

"झोपलं होतं."

"मग तसं लिहायचं न्हवं दारावर!"

"तसंच लिहिलंय, वहिनी."

"लिहिलंय खरं. पण बोट आधी पोचलं बघ. इतकं छान दिसलं, म्हटलं आत काहीतरी आहे."

चौदा वर्षं झाली याला. तेव्हा आम्ही जयसिंगपुरात आठव्या गल्लीत, तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. चंदना आठ महिन्यांची होती आणि झोप ही गोष्ट आपल्यासाठी नाही असं तिचं मत होतं. रात्री बरी झोपायची, पण दुपारी वीस मिनिटांच्या वर नाही. मग संध्याकाळभर रडायची, खायची नाही, आणि मी वहीत सगळं लिहायची. माझं एम.ए. मानसशास्त्रात झालेलं होतं. त्याचा उपयोग एवढाच झाला, की माझ्या वहीत रकाने आखलेले होते.

ते रकाने मी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवले, ही माझी चूक. सासूबाई गडहिंग्लजच्या पुढं गावाकडं राहायच्या. त्यांचा आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी शब्द सुटत नसे.

"वीस मिनिटं? कोंबडी झोपती त्याच्यापेक्षा जास्त! हे बघ त्रिशला, आठ दिवस देते. पुढच्या रविवारी येते मी. तोवर पोरीची दुपारची झोप बसली तर ठीक. नाही बसली, तर तुम्हा दोघींना घेऊन जाते पाडव्यापर्यंत. इथं बेल नाही की काही नाही. गाढ झोपंल."

गावी बेल नाही कारण दार कधी बंदच नसतं. माणसं थेट पाळण्यापर्यंत येतात आणि झोपलेल्या पोरीचा गालगुच्चा घेऊन "कुणावर गेली गं?" म्हणून तिलाच विचारतात. हे मी म्हणाले नाही. मला जानेवारीपासून कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलं होतं, पाडव्यापर्यंत गावी गेले तर ते दुसऱ्या कुणाला तरी देतील, हेही म्हणाले नाही. मी म्हणाले, "बरं, आई."

मी सगळ्यांनाच "बरं" म्हणायची.

माझा नवरा अभिनंदन साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. त्यानं सरळ उपाय सांगितला. "बेल काढून टाकू."

"आईंनी दिलेली? त्या रविवारी आल्या की पहिल्यांदा तीच दाबणार."

"मग दुपारपुरतं बटण बंद करू."

ते आम्ही करून बघितलं होतं. बेल वाजली नाही की लोक कडी वाजवतात. आमची कडी पितळी होती. चंदनाचं त्या कडीपेक्षा मंत्राशी बरं जमायचं.

"मग दारावर लिही, बेल वाजवू नका म्हणून. स्केचपेननं. मोठं."

हे मला पटलं, स्केचपेन सोडून. आम्हाला त्या इमारतीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दारावर मोठ्या अक्षरात "वाजवू नका" बघून लोक काय म्हणतील? शिकलेली बाई आणि ओरडते कशी! मला लोकांना नको म्हणायचं होतं, पण त्यांना ते हो वाटलं पाहिजे होतं. म्हणून मी चंदनाला घेऊन खाली गेले.

खाली मगदूम काकांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फलक. काकांनी उमेदीची वर्षं शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवली होती. आता ते कॉम्प्युटरसमोर बसायचे, पण कीबोर्डची बटणं अजूनही चिमटीत उचलल्यासारखी दाबायचे.

मी मजकूर सांगितला. काकांनी मागं रेलून डोळे मिटले.

"अक्षर कुठलं वापरू?"

"छान असं. नाजूक. कुणाला टोचू नये असं."

काकांनी डोळे उघडले. हळूच एक सीडी काढली, जशी बायका तिजोरीतून ठुशी काढतात.

"लावण्य," ते म्हणाले. "पुण्याहून आणलंय. तिरकं अक्षर. बघा."

पडद्यावर त्यांनी माझंच नाव उमटवलं आणि खरं सांगते, माझं नाव इतकं देखणं मी कधी बघितलं नव्हतं. सगळी अक्षरं उजवीकडं कललेली, वाऱ्यावर ज्वारी कलते तशी. बोरूनं लिहिल्यासारखी जाड होता होता बारीक होत जाणारी रेघ. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सरळ नव्हतीच, मध्येच उचलून पुढं सोडलेली. त्रिशलाच्या वेलांटीनं वर एक गिरकी घेतली होती, आणि शेवटचा काना खाली येता येता असा वळला होता, जणू त्याला जायचंच नाही.

"खिळ्यांच्या जमान्यात असलं अक्षर परवडायचं नाही," काका म्हणाले. "अंगाबाहेर गेलेली वेलांटी दाबाखाली मोडायची. एका पत्रिकेत नवरीची मात्रा मोडली, नवरीकडच्यांनी अपशकुन म्हणून पत्रिका परत आणल्या. आता बघा. कितीबी कलू दे, काय मोडत नाही."

"हे अक्षर कुठं कुठं वापरता?"

"चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी. नवरा-नवरीची नावं. निरोपसमारंभाचं मानपत्र. साडीचं दुकान, अत्तर, पार्लर. पण पत्त्याला नाही. कार्यालयाचा पत्ता मी सरळ अक्षरात टाकतो. नाव बघायचं असतंय, पत्ता वाचायचा असतोय."

मी जराशी हुशार असते तर तिथंच उठले असते. पण चंदना माझ्या खांद्यावर टक्क जागी होती, आणि त्या पडद्यावर तिच्यासाठी लिहिलेलं "बाळ" असं उमललं होतं, की त्यातल्या ळ च्या दोन वेटोळ्यांनी अर्धा कागद व्यापला होता.

"हेच द्या," मी म्हणाले.

तर सोमवारी चौगुले वहिनी झाल्या. मी लगेच खाली गेले.

"काका, लोकांना वाचता येत नाहीये."

"लहान झालंय. मोठं करू."

मोठं केलं. मोठ्या कागदावर कडा मोकळ्या दिसायला लागल्या म्हणून त्यांनी भोवती वेलबुट्टीही टाकली, मी नको म्हणायच्या आत. म्हणजे मी नको म्हणणार होते.

मंगळवारी गॅसवाला आला. चंदनाला झोपून सतरा मिनिटं झाली होती. मंत्र, रडं, दार.

"ताई, पार्लर काढलंय काय?" त्यानं सिलिंडर खाली आपटलं. "बरं झालं. आमच्या मंडळीला पाठवतो. भुवया किती?"

"पार्लर नाही. लिहिलंय बघा, बाळ झोपलंय."

त्यानं नीट बघितलं. "हां, लहान पोरांचं पार्लर."

मी काकांकडं गेले. "काका, निदान 'वाजवू नये' तरी जाड करा."

काकांनी करून बघितलं. लावण्य जाड झालं की जास्तच लाडात येत होतं. 'नये'ची मात्रा आता मोरपिसासारखी मागं झुलत होती. काकांनी पडद्यावरच्या मात्रेवर बोट टेकवलं.

"एक सांगू का? या अक्षरात 'नये' मी पहिल्यांदाच जुळवला. अवश्य येणेचे करावे, हे हजार वेळा. नये, कधीच नाही. त्याला सवय नाही."

"मग दुसरं अक्षर घ्या की!"

"घेऊ की," ते म्हणाले, पण असा चेहरा करून, की मी त्यांच्या मुलीला नाकारलं होतं. "तुमची मर्जी. मी म्हटलं, घरोघरी पत्रिका एक दिवस मिरवती आणि रद्दीत जाती. हे दारावर राहील. चार माणसं रोज बघतील."

"राहू दे, काका," मी म्हणाले. "बरं दिसतंय."

त्यांनी खूश होऊन तेच गुलाबी कागदावर छापून दिलं.

बुधवारी एक अनोळखी जोडपं आलं. कुरुंदवाडहून. ते तिसऱ्या मजल्यावर पाहुण्यांकडं आले होते आणि जिन्यात त्यांना कागद दिसला होता. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"ताई, आम्ही आत येत नाही," बाई म्हणाली आणि आत आली. "फक्त एवढं सांगा, ही पत्रिका कुणी केली?"

"खाली छापखाना आहे. पण ही पत्रिका नाही हो. बाळ झोपलंय असं लिहिलंय."

"झोपलंय कुठं? हे तर जागं आहे," नवरा म्हणाला.

चंदना माझ्या कडेवर हुंदके देत त्याच्या शर्टाच्या बटणाकडं बघत होती. मी त्यांना पाणी दिलं. चहा पण केला. बसले अर्धा तास. मला आजही कळत नाही मी चहा का केला.

गुरुवारी काका स्वतःच वर आले आणि त्यांनीही बेल वाजवली. कुरुंदवाडची ऑर्डर मिळाली म्हणून पेढे घेऊन. "तुमच्या दारानं मला गिऱ्हाईक दिलं!" म्हणाले. चंदनाला झोपून नऊ मिनिटं झाली होती.

शुक्रवारी अभिनंदननं माझी वही चाळली. "कमाल आहे. कागद लावल्यापासून झोप कमी झालीये."

"मला दिसतंय."

"म्हणजे काहीच लावलं नसतं तर..."

"मला दिसतंय, अभी."

"आई परवा येणार."

मी वही त्याच्या हातातून काढून घेतली.

शनिवारी कळस झाला. दुपारी बाराला चंदना जेवली, पेंगायला लागली, आणि मी तिला मांडीवर घेऊन अजून हलवतच होते, तेवढ्यात मंत्र सुरू झाला. दारात चौगुले वहिनींच्या सासूबाई उभ्या. अंगावर रेशमी लुगडं, हातात नारळ आणि झबलं. पंच्याऐंशी वर्षांची बाई, कठड्याला धरून धरून आपल्या दारापासून आमच्या दारापर्यंत आलेली.

"किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

"काय, आज्जी?"

"बारसं. येता-जाता बघती मी कार्ड. बोलवायला कोण आलं नाही, म्हटलं असू दे, शेजारधर्म हाय. दारावर एवढं लावलंय म्हंजे सगळ्यांना हाय."

मी त्यांना आत बसवलं. त्यांनी चंदनाला झबलं घातलं, ते दंडात अडकलं. त्या "नाव काय ठेवलंत?" म्हणाल्या, मी "चंदना" म्हणाले, आणि दोघींनी मिळून पुन्हा एकदा बारसं केल्यासारखं झालं. जाताना त्या कागदाकडं बघून म्हणाल्या, "लई गोड बोलवलंयस बघ."

दार लावलं. अडकलेल्या झबल्यात चंदना किंचाळत होती. मी तिला तसंच कमरेवर घेतलं, चपलांच्या फडताळातून अभिनंदनची काळ्या बूटपॉलिशची डबी काढली, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि ब्रशनं लिहिलं. अक्षरं सरळ आली नाहीत, वाकडीही आली नाहीत. नुसती उभी राहिली, दांडक्यासारखी :

बेल वाजवाल तर बाळ तुमच्या हातात दिलं जाईल. परत घेतलं जाणार नाही.

गुलाबी कागद काढला आणि हे लावलं. ओलं होतं, 'नाही'खालून एक ओघळ खाली आला. येऊ दिला.

मग चंदनाला झोपवलं आणि दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. पावणेदोनला चौगुले वहिनी वाटीत काहीतरी घेऊन आल्या. बोट उचललं. डोळे एकदाच कागदावर गेले. मान कलली नाही, चष्मा ओढला नाही. बोट हवेतच मिटलं. त्यांनी वाटी जमिनीवर ठेवली आणि चपला हातात घेऊन परत गेल्या. कुरिअरवाला आला, वाचलं, पाकीट दाराखालून सरकवलं आणि दोन पायऱ्या सोडून सोडून उतरला.

चंदना एक तास पन्नास मिनिटं झोपली. मी तिच्या नाकाखाली चार वेळा बोट धरून बघितलं.

पण तो एकच दिवस. एका दिवसानं झोप बसली असं सासूबाई म्हणणार नव्हत्या. रविवारी त्या संध्याकाळी यायच्या होत्या. दुपारची झोप मिळाली तर दोन दिवस झाले असते, काही बोलता आलं असतं. मी दोन वाजता चंदनाला झोपवलं. अभिनंदनला खुर्चीतून उठायची बंदी केली, कारण ती खुर्ची करकरायची. आणि दोन वीसला जिन्यात कापडी पिशवी घासत वर येताना ऐकू आली.

मी भिंगाला डोळा लावला. सासूबाई होत्या. लवकरची एस.टी. मिळाली असणार. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कागद वाचला. आतून मी डोक्यावरून हात हलवत होते, जसं काही त्यांना दिसणार होतं. सासूबाईंनी कागद पुन्हा वाचला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, जसं लॉटरी लागलेल्याच्या पसरतं. त्यांनी दोन्ही बाह्या वर सारल्या आणि बेल दाबली.

मंत्र पूर्ण झाला. मी दार उघडलं.

"दे," त्या म्हणाल्या. दोन्ही हात पुढं.

"आई, अहो, ते बाहेरच्यांसाठी..."

"नाव कुठं घातलंयस कुणासाठी ते? बेल वाजवली. दे. लेखी आहे."

अभिनंदन मागून आत गेला आणि किंचाळणारी चंदना घेऊन आला. सासूबाईंनी तिला उचललं, छातीशी धरलं, आणि विजयी मुद्रेनं आत आल्या. "बघ कशी झोपवते. उद्याच निघायचं, कपडे भरून ठेव. चार पोरं वाढवलीत मी."

चंदनानं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि उरलेली सगळी झोपमोड त्यात ओतली.

पहिली दहा मिनिटं त्या हसत होत्या. मग खिडकीशी गेल्या, कावळा दाखवला. मग नळ सोडून पाणी दाखवलं. मग स्तोत्र म्हटलं, मग शेताचं गाणं, मग मांडीवर पालथी, मग पायावर, मग खांद्यावर. खुर्चीत बसल्या तर खुर्ची करकरली आणि चंदना दुप्पट रडली.

तीन वाजता त्या माझ्यासमोर आल्या. चेहरा लाल, केसांची गाठ सुटलेली. "धर गं जरा. पाणी पिते."

माझे हात पुढं गेले होते. खरंच गेले होते. आणि तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

"आई, खालची ओळ वाचलीत ना? परत घेतलं जाणार नाही."

अभिनंदन पुढं सरकला. "आण, आई, मी घेतो." मी त्याच्याकडं बघितलं. काय बघितलं कोण जाणे. तो म्हणाला, "मी भाजी घेऊन येतो," आणि गेला. घरात दोन दिवसांची भाजी होती.

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "असं होय?" म्हणाल्या. "बरं."

त्यांना पाण्याचा तांब्या मी तोंडाला लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन एकच पातेलं तीन वेळा घासलं. मला चंदनाचं रडं आठ प्रकारचं ओळखू येत होतं, त्यातले सहा त्या दुपारी झाले. सातवा झाला असता तर मी धावत गेले असते. साडेतीनला एकदा पाजायला घेतलं, ते नियमात बसतं असं मी ठरवलं. दहा मिनिटांनी सासूबाईंच्या हातात परत दिली. त्यांनी पदर खोचला आणि घेतली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना आवाज थांबला. मी दारातून डोकावले. सासूबाई पलंगाच्या कडेवर ताठ बसल्या होत्या, पाय जमिनीला, पाठीला टेकू नाही. चंदना त्यांच्या खांद्यावर पालथी पडून झोपली होती, तोंडातून लाळ थेट चोळीवर.

"खाली ठेवा आता," मी ओठांनीच म्हणाले.

त्यांनी इंचभर हलून बघितलं. चंदना कण्हली. सासूबाई पुतळा झाल्या.

आमच्याकडं सूर्यास्ताच्या आत जेवतात. सासूबाईंनी तो नेम लग्नाआधीपासून कधी मोडला नव्हता, सूर्य गेल्यावर पाणीसुद्धा नाही. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढत चाललं होतं. साडेपाच झाले. त्यांनी खिडकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तो गावभर ऐकू जाणारा आवाज मी पहिल्यांदा कुजबुजताना ऐकला.

"भरव."

मी ताटात भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी घेतली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. एकेक घास करून दिला. त्या चंदनाला धक्का लागू नये म्हणून मान न हलवता फक्त जबडा हलवत चावायच्या. कढत आमटीला मी फुंकर घातली, आणि मला वाटलं हे मी रोजच करते, फक्त तोंड जरा लहान असतं.

"मीठ कमी," त्या कुजबुजल्या.

"बरं," मी कुजबुजले. "नाही, मीठ बरोबर आहे."

त्यांनी डोळे मोठे केले, पण घास घेतला.

अर्धी भाकरी झाली होती तेव्हा णमोकार मंत्र सुरू झाला.

चंदना उठली. सासूबाई उठल्या. तोंडात घास तसाच, खांद्यावर तांबडीलाल पोर, त्या दाराकडं अशा निघाल्या की मला बाजूला व्हावं लागलं. त्यांनी दार उघडलं. बाहेर मगदूम काका होते, हातात काच लावलेली चौकट. काचेच्या आत लावण्य अक्षरातला तोच मजकूर, आता सोनेरी शाईत, चारी कोपऱ्यांत झोपलेले ससे.

"म्हटलं तुमचा कागद फाटला असेल म्हणून पक्कं करून..."

सासूबाईंनी घास गिळला. "वाचता येतं न्हवं?"

"अहो, धंदाच आहे माझा."

"मग वाचा."

काकांनी बूटपॉलिशची अक्षरं वाचली. "अक्षर फार गावठी आहे हो," ते म्हणाले.

"पण लागू पडतंय," सासूबाई म्हणाल्या आणि चंदना त्यांच्या हातात दिली.

काकांना चौकट खाली ठेवायला मी मदत केली, एवढंच. ते उंबऱ्याबाहेर, हात पसरून, जसं ओल्या छपाईचा कागद दोन टोकांना धरतात तसे चंदनाला धरून उभे राहिले. "अहो बाई," ते म्हणत होते, "अहो, हिला कुठनं धरायचं?" समोर चौगुले वहिनींचं दार किलकिलं झालं, त्यांनी बघितलं, आणि दार आवाज न करता लागलं.

मी दोन मिनिटं थांबले. मग नियम माझाच होता म्हणून मोडला आणि लेकीला घेतलं. काका दोन दोन पायऱ्या उतरत गेले.

आत आले तेव्हा भिंतीवरचं ऊन गेलं होतं. सासूबाई अर्ध्या भाकरीच्या ताटाकडं बघत उजवा खांदा चोळत होत्या.

"सूर्य गेला," त्या म्हणाल्या.

"थोडं दूध तरी..."

"गेला म्हणजे गेला." मग चंदनाकडं बघून, "रोज असंच?"

मी वही पुढं केली. त्यांनी ती उघडली नाही, बाजूला सारली. "असलं वाचून काय कळतंय? रोज असंच का, ते सांग."

"रोज. एकटीच असते. काल मात्र जवळजवळ दोन तास झोपली. दारावर ते लावल्यावर."

"आणि आज मी उठवली."

मी बरं सुद्धा म्हणाले नाही. चंदनाला मांडीवर घेऊन बसले आणि सांगून टाकलं, एका दमात. "आई, मी गावी येणार नाही. मला दोन जानेवारीपासून कॉलेजात शिकवायचंय. पाचव्या गल्लीत पाळणाघर आहे, मी बघून आलेय. हिची झोप मी बसवीन, उशीर लागेल, पण इथंच बसवीन."

त्यांनी खांदा चोळणं थांबवलं. मला वाटलं आता तो मूळचा आवाज येणार. चंदनालाही वाटलं असावं, तिनंही रडणं थांबवलं.

"मी कुठं म्हणतेय ये म्हणून?" सासूबाई म्हणाल्या. "चार पोरं वाढवली म्हटलं मी. ती माझ्या सासूनं वाढवली, मी शेतात असायची. आता पाडव्यापर्यंत ही माझ्या खांद्यावर? आणि आमचं दार सताड उघडं. मी कुणाकुणाच्या हातात देऊ हिला?" त्यांनी हात लांब करून बोटं उघडझाप करून बघितली. "ते आठ दिवसांचं मी सहज म्हटलं होतं."

दाराबाहेर पिशवी घासल्यासारखी वाटली म्हणून मी दार उघडलं. अभिनंदन दोन पिशव्या भाजी घेऊन आला होता आणि बेल न वाजवता, कडी न वाजवता, बाहेर नुसताच उभा होता. तो कधीपासून उभा होता ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही.

सकाळी मी आणि चंदना सासूबाईंना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. त्यांनी चंदनाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली, पिशवी आत ठेवली आणि बसल्या.

"पोचलात की फोन करा, आई."

"करते. तू पण करत जा. किती झोपली ते सांगत जा मला."

रिक्षा सुरू झाली. चार हात जाऊन थांबली. सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं आणि सगळी आठवी गल्ली ऐकेल अशा आवाजात ओरडल्या,

"पण दुपारी एक ते चार करू नकोस! मी झोपलेली असते!"